लाइट घालवणारा देव

माझ्या जावेबद्दल लोक एक गोष्ट हमखास बोलतात. "देवभोळी आहे हो, सोशिक. अगदी गरीब गाय." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गरीब गाय म्हणे! नळावर तिच्या पुढे एकदा बादली सरकवून बघा, मग सांगा गाय आहे की कोण ते. देवभोळी असणं म्हणजे मान खाली घालून बसणं, असा लोकांनी समजच करून घेतलाय. माझी जाऊ मान वर करते ती देवाशी बोलतानाच, आणि एकदा वर केली की मग कुणाहीसाठी खाली करत नाही.

ती माझी थोरली जाऊ. मी तिला ताई म्हणते आणि अगं-तुगं करते. सासूबाई होत्या तोवर अहो-जाहो होतं, पण एकाच चुलीवर आणि एकाच कारखान्यात जन्म काढायचा म्हटल्यावर अहो-जाहो किती दिवस टिकणार? आमच्या दोन खोल्या आहेत, मधे दार नाही, नुसता पडदा. पलीकडे ती आणि तिची मुलगी, अलीकडे मी. माझा नवरा ट्रक चालवतो. महिन्यातून दोनदा घरी येतो, झोपतो आणि जातो.

सकाळी मला जाग येते ती पडद्यापलीकडच्या तिच्या आवाजाने. स्टोव्हला पंप मारता मारता तिचं चालू असतं. "उठलास का? बरं झालं. आज पोरीची परीक्षा आहे, लक्ष असू दे. मागच्या वेळेसारखं करू नकोस, सगळं येत होतं तिला आणि ऐनवेळी घाम फुटला. तू काय करत होतास तेव्हा?" पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी पाहुणा आलाय. मग कळलं की हा पाहुणा रोजचाच. घरात तसबीर नाही, मूर्ती नाही, काही नाही. उशिरा घरी येणाऱ्या थोरल्या भावाशी बोलावं तशी ती देवाशी बोलते. माया आहे, पण उलटतपासणीही आहे.

माझे दीर गेले तेव्हा मुलगी रांगत होती. साध्या तापाचं निमित्त. लोक समजूत घालायला आले, की त्याची इच्छा, आपण काय करणार. ही भिंतीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "त्याची इच्छा असेल. माझी नव्हती. त्याचं आणि माझं काय ते आम्ही नंतर बघू. पण आता पोरीला सांभाळायचं काम त्याचं, हे मी त्याला बजावलंय." समजूत घालणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. पुढच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर कामाला यायला लागली.

माझं विचाराल तर माझं देवाशी कधी जमलं नाही. मागून मिळालं नाही आणि मग मागायचा कंटाळा आला, एवढी साधी गोष्ट. तिची ही पहाटेची बडबड मी ऐकायची, आणि मनात म्हणायची, बोल बाई, तुझं मन हलकं होतंय ना, मग बोल.

आमचा धुलाईचा कारखाना. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. पलीकडे धुतात, पिळतात, आणि ओल्या चादरींच्या गाड्या आमच्याकडे ढकलतात. आमचं काम रोलरवर. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढे जाड, वाफेने तापलेले दंडगोल. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने वाळून, इस्त्री होऊन बाहेर. चादर घालायला दोघी लागतात, दोन टोकांना. एक टोक तिचं, एक टोक माझं. आवाज असा की ओरडलं तरी ऐकू येत नाही. मान हलवली की सोडायचं, एवढीच खूण.

त्या रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी दांडी आहे. हात जास्त पुढे गेला आणि दांडीला धक्का लागला, की यंत्र जागच्या जागी थांबतं. त्यासाठीच ती बसवलीय. पण ओली चादर फुगते. फुगली की दांडीला लागते, आणि यंत्र थांबतं. पुन्हा चालू करा, पुन्हा फुगते, पुन्हा थांबतं. गाड्या तुंबतात. म्हणून आमच्या मुकादमाने डोकं चालवलं. फाटक्या चादरींच्या पट्ट्या काढून दिल्या आणि सांगितलं, दांडी वर उचलून बांधून टाका, नाहीतर घरी बसा. मग काय, सगळ्यांच्या ॲप्रनच्या खिशात पट्टी. कामाला उभं राहिलं की आधी दांडी बांधायची, मग चादर उचलायची. पुढे पुढे तर आपण काही बांधतोय हेसुद्धा कळेनासं झालं. केस मागे सारावे तसं हात आपोआप करायचे.

या मुकादमाला आम्ही गोडबोल्या म्हणायचो. कधी आवाज चढवला नाही पठ्ठ्याने. "ताई, माई, आपलंच घर समजा" करत करत जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ कधी खाऊन टाकला, कुणाला समजलं नाही.

त्या दिवशी चादरीचा कोपरा दुमडला. ताईच्या बाजूचा. तिने सवयीने दोन बोटांनी सरळ केला, आणि रोलरने चादरीबरोबर हात ओढला. ती ओरडली असणार. मला फक्त तिचं उघडं तोंड दिसलं. दांडी वर बांधलेली. बंद करायचं बटण भिंतीवर, चादरींच्या गाड्यांच्या पलीकडे. मी गाड्या ढकलत पळाले, आणि मी अर्ध्यावर असतानाच लाइट गेली. सगळ्या भागातली. पंखे, रोलर, धुलाईची यंत्रं, सगळं एकदम गप्प. त्या शांततेत पहिल्यांदा मला तिचा आवाज आला. "देवा, देवा, देवा," एवढंच.

लाइट गेली की आमच्याकडे जनरेटर लावतात. तोही लागला असता, आणि मग मी हे सांगत बसले नसते. पण जनरेटरवाला चहा प्यायला बाहेर गेला होता. तो येईपर्यंत आम्ही हाताचं चाक फिरवून रोलर उचलला आणि तिला सोडवलं. दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्धं. तळव्याची कातडी भाजली. पण पंजा राहिला, हात राहिला, बाई राहिली.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? "लाइट कुणी घालवली?"

"कुणी कशाला घालवेल? गेली. रोज जाते," मी म्हटलं. रडून रडून माझा घसा बसला होता.

"रोज जाते गं. पण तेव्हा गेली."

"आणि जनरेटरवाला?"

"त्याला तलफ कुणी दिली?" ती म्हणाली, आणि त्या तशा अवस्थेत हसली.

मला असा संताप आला! "मग बोटं का नाही वाचवली गं तुझ्या देवाने? लाइट घालवायचीच होती तर जरा आधी घालवायची. काय हात बांधले होते त्याचे?"

तिने तोंड छताकडे फिरवलं. मला वाटलं, दुखावली. मग म्हणाली, "विचारलंय मी त्याला ते. तू नको मधे पडूस. पण एक सांगते. मी ओढली जात होते ना, तेव्हा मला माहीत होतं, मी एकटी नाही. भीती वाटली, मरणाची वाटली. पण एकटं नाही वाटलं. ते मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, आणि कुणी ते माझ्याकडून काढूनही घेऊ शकत नाही."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

दोन दिवसांनी गोडबोल्या आला. हातात फळांची पिशवी, चेहरा असा की याचीच बोटं गेलीत. स्टूल ओढून बसला. "ताई, देवाने राखलं बघा तुम्हाला. तुमची पुण्याई. आता मनात काही वाईट आणू नका. सरकारी तपासणी होणार आहे, तुम्हाला विचारतील. आपली चूक झाली, लक्ष नव्हतं, एवढं म्हणा. संपलं. बरं वाटलं की बसून करायचं काम देतो, चादरी मोजायचं. या हाताने दुसरीकडे कोण ठेवणार तुम्हाला? देवाने जीव दिला, त्याच्यात समाधान मानावं. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला?"

तो गेल्यावर ताई मला म्हणाली, "फळं त्या समोरच्या आजींना दे."

खरं सांगते, मला त्याचं म्हणणं पटलं होतं. बोलायला गोड असला तरी खोटं काय होतं त्यात? घरात भरवशाचे पैसे आमच्या दोघींचेच. तिच्या मुलीचं शिक्षण. माझ्या नवऱ्याच्या ट्रकचा आज एक मालक, उद्या दुसरा. घरी आल्यावर मी रोज तिच्यामागे भुणभुण लावली. "म्हण ना, चुकलं म्हणून. काय झिजतं? बसून काम मिळतंय." मुलगी तिची वेणी घालत असायची, कारण एका हाताने वेणी होत नाही. ताई गप्प बसून ऐकायची. एक दिवस फाडकन म्हणाली, "देवाने लाइट घालवली ती मी जन्मभर गोडबोल्याची बाजू घ्यावी म्हणून? एवढं स्वस्त काम आहे त्याचं?"

"अगं पण खाशील काय?"

"ते त्याला विचार."

"मी नाही विचारत! मी तुला विचारतेय!"

आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. जेवायला वाढायचो मात्र.

तपासणीच्या दिवशी तिला कारखान्यात बोलावलं होतं. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला हात छातीशी धरून ती भिंतीपाशी उभी. तपासणीवाल्या बाई उंच, चष्मा लावलेल्या, फार न बोलणाऱ्या. दांडी खाली, मोकळी, घासून लख्ख केलेली. गोडबोल्याने सकाळीच स्वतःच्या हाताने दांड्यांवरच्या सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. "बघा मॅडम, ही सुरक्षेची दांडी. कायम अशीच असते. ताईंचं लक्ष नव्हतं हो. आमच्या घरच्यासारख्या आहेत, मला फार वाईट वाटलं."

बाई म्हणाल्या, "चालवून दाखवा."

माझ्यासमोर दुसऱ्या टोकाला आमच्यातली एकजण उभी होती, जिला आम्ही उंचाडी म्हणतो ती. रोलर सुरू झाला. आम्ही चादर घातली. फुगली. दांडीला लागली. यंत्र थांबलं. पुन्हा सुरू केलं, चादर ओढून धरली, पुन्हा थांबलं. मागे दोन गाड्या भरून उभ्या. तिसऱ्यांदा थांबलं, आणि मी चादरीचं टोक खांद्यावर टाकलं, खिशातून पट्टी काढली, दांडी वर उचलली, बांधली, गाठ मारली आणि उंचाडीकडे बघून मान हलवली.

उंचाडीचे डोळे बटाट्याएवढे झाले होते. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय केलंय ते. देवाशपथ सांगते, माझ्या डोक्याला पत्ताच नव्हता. हातांनी केलं. यंत्र छान चालू लागलं होतं.

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण गोडबोल्या तयारच होता. "पाहिलंत मॅडम? या बायकांचीच खोड आहे ही! मी ओरडून ओरडून थकलो. पटापट उरकायचं, मग गप्पा मारायच्या. आणि आता मला कळलं, त्या दिवशी काय झालं. हिनेच बांधली असणार दांडी. सख्ख्या जावेची बोटं गेली हिच्यामुळे!" आणि ताईकडे वळून, आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "सांगा ताई. हिनेच ना? तुमच्यावर काही येणार नाही. तुमचं काम पक्कं."

मी ताईकडे बघितलं. हो म्हणाली असती तर तिचं बसून काम, मुलीची शाळा, सगळं मार्गी. जायचं ते माझं एकटीचं काम. आणि दोन दिवस आम्ही बोलतही नव्हतो.

ताई भिंतीपासून पुढे आली. "त्या दिवशी दांडी मी बांधली होती," ती म्हणाली. "माझी मी. त्याच्या आदल्या दिवशी हिने. त्याच्या आधी उंचाडीने. आम्ही सगळ्या बांधतो. कारण हा सांगतो, बांधा नाहीतर घरी बसा. पट्ट्या हाच फाडून देतो."

"खोटं!" गोडबोल्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "ताई, तुम्ही देवाला मानता. मानता ना? मग देवाला स्मरून सांगा. खोटं बोललात तर तो बघतोय, लक्षात ठेवा. एकदा हात गेलाय!"

त्याला वाटलं असणार, देवाचं नाव काढलं की ही चळाचळा कापेल. मेल्याला माहीतच नव्हतं, तो कुणाच्या घरचं नाव घेतोय ते.

तिने पट्टी बांधलेला हात वर केला. तो वर करताना दुखत होतं तिला, मला दिसत होतं. "देवाला स्मरूनच सांगतेय. तो बघत होता म्हणून तर मी उभी आहे इथे. तू मला त्याची भीती घालतोस? अरे, मी त्याला भिते म्हणूनच तुला भीत नाही. बोटं त्याने नाही घेतली, तुझ्या पट्टीने घेतली. त्याने लाइट घालवली. आणि मला वाचवून त्याने सांगितलंय, आता बोल. तर मी बोलतेय. काढ मला कामावरून."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे? शपथेवर सांगाल?"

"देवावर माझा विश्वास नाही," मी म्हटलं. आवाज कुठून आला कुणास ठाऊक. "या बाईवर आहे. ती बोलली त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे." आणि मग माझा बांध फुटला, आणि मी गोडबोल्याला जे काही सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. उंचाडीनेही त्यात भर घातली.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. रोलरला सील लागलं. महिनाभराने उघडलं तेव्हा तोंडाशी जाळी बसवलेली होती, आणि गोडबोल्याच्या जागी दुसरा मुकादम होता. ताईला परत घेतलं, चादरी मोजायलाच. मलाही घेतलं. लोक म्हणतात, बघा, देवाने राखलं की नाही. म्हणू देत. मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं, जेव्हा यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. "बोलावू तेव्हा या," एवढं सांगून फाटक लावून घेतलं होतं.

आम्ही घरी आलो. मुलीने चहा ठेवला. कारखान्यात सिंहीण झालेली मी घरात येताच डबे उघडून तांदूळ किती उरलेत ते बघायला लागले. भाडं, किराणा, शाळा, सगळं डोळ्यांसमोर नाचायला लागलं. ताई शांतपणे पाय पसरून बसलेली. तिचं ते शांत बसणं मला सहन होईना.

"आता काय?" मी ओरडले. "विचार ना तुझ्या त्याला! आता काय म्हणावं!"

"तूच विचार," ती म्हणाली. "माझं ऐकून ऐकून त्याचे कान किटले असतील."

"मला नाही येत ते."

"शिव्या येतात ना? तिथून सुरू कर."

मी तरातरा उठले. खरंच उठले. खोलीच्या मधोमध उभी राहिले, कमरेवर हात ठेवले, आणि वर बघून म्हटलं, "ऐक रे. इतकी वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही आणि तूही कधी चौकशी केली नाहीस, ते राहू दे. पण ही बाई आज सगळ्यांसमोर तुझं नाव घेऊन खरं बोललीय. तिच्याकडे काही नसताना बोललीय. आता हिला उघड्यावर टाकलंस ना, तर गाठ माझ्याशी आहे. मी ताईसारखी नाही. मी समजून बिमजून घेणार नाही." पुढे आणखी बरंच सुनावायचं होतं. जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं राहिलं आणि भलतंच तोंडातून निघालं. "आणि मला भीती वाटतेय. फार वाटतेय. एवढं बघ."

मुलगी हातात कप घेऊन तशीच उभी राहिली होती. ताईने चांगल्या हाताने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"कुठे काय! गप्प आहे."

"मलाही कधी काही म्हणत नाही," ताई म्हणाली. "ऐकतो मात्र. तू थांबू नकोस, बोल."

मी नाक पुसलं आणि पुन्हा सुरू केलं.